अभिवचन रजा : शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला पॅरोल कधी मिळतो आणि ते कोण ठरवते?

रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर धर्मगुरूंना गाठून हलक्या आवाजात केली जाणारी एक विनंती आहे : "फादर, आमच्या मुलाच्या पॅरोलसाठी एक पत्र द्याल का?" विचारणारी बहुधा आई असते. आजूबाजूचे कोणी ऐकत नाही ना, ह्याकडे तिचे अर्धे लक्ष असते. फादर पत्र देतात. मुलगा लहानपणी वेदीसेवक होता, कुटुंब श्रद्धावंत आहे, असे त्यात लिहिलेले असते. ते पत्र घेऊन माऊली ठाण्याच्या किंवा नाशिक रोडच्या कारागृहात जाते आणि काही आठवड्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचे तिला कळते. मग धर्मग्रामात दोन प्रकारचे बोल ऐकू येतात. काही म्हणतात, "पॅरोल पैसेवाल्यांनाच मिळतो." काही म्हणतात, "बरेच झाले, खुनी माणूस गावात नको." ह्या दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य असेलही, परंतु अर्ज नेमका कोठे अडला, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

तुरुंगसेवा ही केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनींची जबाबदारी आहे, असे आपण धरून चालतो. पॅरोलच्या बाबतीत मात्र कायद्यानेच गावाला आणि नातलगांना त्या प्रक्रियेत ओढले आहे. म्हणून ह्या विषयाची माहिती प्रापंचिकांनाही असावी, असे आम्हांस वाटते.

'पॅरोल' हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. युद्धात पकडलेल्या सैनिकाने पुन्हा शस्त्र न उचलण्याचे वचन दिले की त्याला मोकळे सोडण्याची युरोपात जुनी रीत होती. तेथून हा शब्द तुरुंगाच्या कायद्यात शिरला. आपल्या शासकीय मराठीने त्याला 'अभिवचन रजा' असे नाव दिले आहे. हे नाव आम्हांस मूळ शब्दाहून अधिक नेमके वाटते, कारण त्यात वचन आहे आणि रजाही आहे. रजेवर गेलेल्याने परत यायचे असते.

येथेच पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजी चित्रपटांत पॅरोल मंडळापुढे हजर झालेला कैदी मंडळाने होकार दिला की कायमचा घरी जातो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्या शब्दाचा अर्थ साधारणतः तसाच आहे : शिक्षेचा उरलेला भाग अटींवर तुरुंगाबाहेर काढणे. भारतात पॅरोल म्हणजे काही दिवसांची सुट्टी. ती संपली की पुन्हा तुरुंगाचे दार. ज्याला परदेशी लोक पॅरोल म्हणतात त्याच्याशी मिळतीजुळती आपल्याकडची गोष्ट म्हणजे 'मुदतपूर्व सुटका'. तिचे नियम वेगळे, तिचे अधिकारीही वेगळे. त्याविषयी पुढे लिहूच.

दुसरा गैरसमज ह्याहून मोठा आहे. ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला पॅरोल नसतो. त्याच्यासाठी जामिनाचा मार्ग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेतले 'कच्चे कैदी' होते. तेव्हा पत्र मागायला आलेल्या आईला पहिला प्रश्न हाच विचारावा : शिक्षा झाली आहे की खटला चालू आहे? खटला चालू असेल तर तिला वकिलाकडे पाठवले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कोठडीत काढला असेल तर तिला सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंडाचे आणि जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, शिवाय एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. तरीही अनेक कुटुंबांना ही तरतूद ठाऊकच नसते.

रजा दोन प्रकारची

महाराष्ट्रात शिक्षा झालेल्या बंद्यांच्या रजेचा पाया १९५९ सालच्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनी घातला. हे नियम १८९४ च्या कारागृह कायद्याखाली केले गेले आणि त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या. त्यांत दोन रजा आहेत : संचित रजा, जिला फर्लो म्हणतात, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल.

संचित रजेला कारण लागत नाही. 'संचित' हा शब्दच तिचे स्वरूप सांगतो. तुरुंगात चांगल्या वर्तनाने काढलेल्या काळातून ती साठत जाते. सतत भिंतीआड राहून माणूस मनाने वाळतो, घरच्यांशी नाते तुटते आणि शिक्षा संपल्यावर त्याला कोठे जावे हे कळत नाही. ते टाळावे म्हणून ही सोय. मूळ नियमांत एक वर्षाहून जास्त व पाच वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बंद्याला प्रत्यक्ष भोगलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवडे, अशी रचना होती. शिक्षा जितकी मोठी तितकी पहिल्या रजेसाठी अधिक वाट पाहावी लागे. दिवसांचे हे गणित पुढे बदलत गेले. म्हणून आज किती दिवस व किती वर्षांनी, हे कारागृहाच्या कार्यालयातच विचारून घ्यावे. जुन्या कैद्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. तत्त्व मात्र तेच आहे : मोजायची ती प्रत्यक्ष तुरुंगात काढलेली शिक्षा.

अभिवचन रजेला कारण लागते, आणि ते कारण नियमांत बसावे लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिचे दोन भाग स्पष्ट झाले. पहिली तातडीची रजा, १४ दिवसांपर्यंतची. आई, वडील, वडिलांकडील आजी-आजोबा, पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण ह्यांचा मृत्यू झाल्यास किंवा मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण ह्यांच्या विवाहासाठी ती देता येते. परदेशी नागरिक आणि मृत्युदंडाचे बंदी तिच्यातून वगळले आहेत. तिचा निर्णय कारागृह पातळीवरच होतो, हे विशेष. दुसरी नियमित रजा : आईवडील, जोडीदार किंवा मुले गंभीर आजारी असणे, पत्नीची प्रसूती, घर पडणे, पूर, आग, भूकंप अशी आपत्ती. तिचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे असतो. संचित रजेचा निर्णय कारागृह विभागाचे प्रादेशिक उपमहानिरीक्षक घेतात.

मृत्यूच्या बाबतीत आपल्या कुटुंबांना एक अडचण हटकून येते. ख्रिस्ती घरात अंत्यविधी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतो. अर्ज हाती लिहून, तो घेऊन कोणी कारागृहापर्यंत पोहोचेपर्यंत माती झालेली असते. तातडीच्या रजेचा अधिकार वरच्या कार्यालयांकडे न ठेवता कारागृहाकडे दिला आहे तो ह्याचसाठी, आणि घटनेची खातरजमा जवळच्या पोलीस ठाण्याकडून करून घेता येते. म्हणून बातमी कळताच, शवपेटी ठरवण्याच्या आधी, कारागृहात दूरध्वनी करावा आणि आपल्या पोलीस ठाण्यालाही कळवावे. मुलगा मातीला पोहोचला नाही तरी सातव्या दिवसाच्या किंवा महिन्याच्या मिस्सेला घरच्यांसोबत बसू शकतो. विवाहाच्या बाबतीत पत्रिकेबरोबरच चर्चमध्ये विवाहाची घोषणा झाल्याचा धर्मग्रामाचा दाखला पुरावा म्हणून जोडता येतो. फादरांच्या पत्राचा खरा उपयोग येथे आहे. चारित्र्याच्या प्रशंसेपेक्षा तारीख, नाते आणि ठिकाण सांगणारे दोन ओळींचे पत्र अधिक कामाचे ठरते. बाप्तिस्मा, पहिले कम्युनिअन, वाढदिवस ही कारणे यादीत नाहीत.

तरीही न्यायालयाने ही यादी नेहमीच काटेकोर वाचली आहे असे नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्या एका बापाला, शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलाला निरोप देता यावा व त्याच्या शुल्काची सोय करता यावी म्हणून दहा दिवसांची रजा दिली. दुःखाच्या प्रसंगी रजा मिळते, तर आनंद वाटून घेण्यासाठी का मिळू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. आमच्या वाचनात आलेल्या अलीकडच्या निर्णयांत हा आम्हांस फार मोलाचा वाटला.

पात्र असूनही अर्ज कोठे अडतो

काही बंदी मुळातच अपात्र असतात. दरोडा व जबरी चोरीचे गुन्हेगार, सराईत गुन्हेगार, आधी रजेवरून पळालेले, तुरुंगात शिस्तभंग केलेले असे बरेच गट संचित रजेच्या नियमांत वगळले होते. २०१६ साली बंधने आणखी कडक झाली. त्यामागे एक घटना होती. मुंबईतील एका तरुण वकील महिलेच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा आरोपी त्या वर्षी नाशिक रोड कारागृहातून पॅरोलवर बाहेर पडला आणि परतलाच नाही. तो २०१७ साली काश्मीरमध्ये सापडला. त्या मुलीच्या आईवडिलांनी ते दीड वर्ष कसे काढले असेल, ह्याचा विचार पॅरोलच्या बाजूने बोलणाऱ्या आपण सर्वांनी करायला हवा. बलात्कार, खंडणीसाठी अपहरण, मानवी तस्करी, अमली पदार्थ, दहशतवाद ह्या गुन्ह्यांबाबत नियम कठोर झाले ते अशाच पार्श्वभूमीवर.

पण जो बंदी ह्यांपैकी कशातच बसत नाही, वर्तनही चांगले आहे, कारणही खरे आहे, त्याचा अर्ज का नाकारला जातो? बहुतेक वेळा उत्तर तुरुंगाच्या भिंतीबाहेर असते. अर्ज आल्यावर बंद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. पोलीस घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात, फिर्यादीच्या कुटुंबालाही विचारतात. हा परत आला तर भांडण होईल का? साक्षीदारांना धोका आहे का? तो पळून जाईल का? शिवाय एक अट असते : त्याला घरात ठेवून घेण्यास तयार असलेला आणि त्याच्या परतीची हमी लिहून देणारा नातेवाईक हवा. हा जामीनदार नसेल तर पात्र बंदीसुद्धा आतच राहतो.

आमच्या मते पॅरोलचा सारा प्रश्न ह्या एका ओळीत सामावला आहे. वर्षे सरकार मोजते, वर्तन तुरुंग पाहतो, परंतु 'हा आमच्याकडे येईल, आम्ही त्याला सांभाळू' हे वाक्य घरातल्या किंवा नात्यातल्या कोणी तरी म्हणावे लागते. ज्यांचे आईवडील वारले आहेत, भावाने नाव टाकले आहे, बायको माहेरी निघून गेली आहे, अशा माणसाला कायदा रजा देऊ इच्छित असला तरी देणार कोणाच्या भरवशावर? हमी लिहून देणाऱ्याला भीतीही असते. बंदी परतला नाही तर हमीची रक्कम जाऊ शकते, पोलीस पुन्हा पुन्हा दारात येतात. त्या भीतीला आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. मात्र चुलते, मामा, आतेभाऊ ह्यांच्यापैकी कोणी ह्याला तयार होईल का, हे विचारायला त्या घरी धर्मग्रामातले कोणी तरी जाऊ शकते. पोलिसांनी विचारल्यावर ऐकीव गोष्ट न सांगता खरे तेच सांगणे, हेही शेजाऱ्याच्या हाती आहे. 'गावात वातावरण बिघडेल' असे मोघम वाक्य अहवालात आले की अर्ज बारगळतो. उच्च न्यायालयाने अशा मोघम अहवालांवर आधारलेले नकार अनेकदा रद्द केले आहेत, कारण धोक्याला काही ठोस आधार असावा लागतो. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचायला महिने लागतात आणि तोवर आजारी आई राहत नाही.

दुसरी बाजूही त्याच चर्चमध्ये असते. ज्या घरातला माणूस मारला गेला ते कुटुंब कदाचित पुढच्याच बाकावर बसत असेल. त्यांनी विरोध केला तर त्यांना निष्ठुर ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांचे म्हणणे खरे व ठोस असेल तर ते अहवालात आलेच पाहिजे.

नकार आला तरी सर्व संपत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे किंवा शासनाकडे अपील करता येते, आणि पुढे उच्च न्यायालयात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले की संचित रजा हा बंद्याचा निरपवाद हक्क नाही. पण नकाराला कारण असावे लागते आणि ते कारण तपासले जाऊ शकते. त्यासाठी पैशांची अडचण आड येऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. 'पैसेवाल्यांनाच पॅरोल मिळतो' ह्या वाक्यात जे तथ्य आहे ते येथे आहे : पैसेवाल्याचा वकील अपील करतो, गरिबाच्या घरी नकाराचा कागद कपाटात ठेवला जातो.

दिवस मोजण्याचा हिशेब

रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात का, हे घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. संचित रजेचे दिवस शिक्षेत मोजण्याची तरतूद नियमांत आहे. अभिवचन रजेचे मोजले जात नाहीत. म्हणजे पॅरोलवर महिनाभर घरी राहिलेल्याची सुटका तेवढीच पुढे जाते. ह्याच प्रश्नावर गोव्यातील बंद्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की मुदतपूर्व सुटकेसाठी लागणारी १४ वर्षे मोजताना गोव्याच्या २००६ च्या कारागृह नियमांनुसार पॅरोलचा काळ वगळावा लागेल. अन्यथा वजनदार बंदी पुन्हा पुन्हा पॅरोल घेऊन १४ वर्षे बाहेरच काढतील, अशी भीती त्यामागे होती.

वेळेवर न परतणे हा तर स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. मिळालेली माफी कापली जाते, पुढच्या रजा बंद होतात. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, महाराष्ट्राने साथीसाठी खास तातडीची रजा आणली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील बंद्यांना ती सहज मिळत होती. त्याहून मोठ्या शिक्षेच्या बंद्याने मागच्या दोन रजांवरून वेळेवर परतलेले असावे, अशी अट होती. जुनी वचने पाळणाऱ्यांना त्या संकटात त्याचे फळ मिळाले. २०२२ साली सर्वांना परत बोलावले गेले, तेव्हा काही जण आले नाहीत आणि पोलिसांना त्यांचा शोध घ्यावा लागला.

आता मुदतपूर्व सुटका. 'जन्मठेप म्हणजे १४ वर्षे' हे आपल्याकडे सुशिक्षितही बोलतात. ते चूक आहे. गांधीहत्या खटल्यातील शिक्षाबंदी गोपाळ गोडसे ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. १४ वर्षांचा आकडा १९७८ च्या दुरुस्तीतून आला, आणि आज तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही होऊ शकला असता त्यातील जन्मठेपेचा बंदी प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याशिवाय शासनाच्या माफीने सुटू शकत नाही. त्यानंतर सुटेलच, असे कलम म्हणत नाही. त्यानंतर त्याचा विचार होऊ शकतो, एवढेच. विचार करताना गुन्हा पुन्हा घडण्याचा संभव, समाजावरील परिणाम, बंद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवण्याने काही साधणार आहे का आणि कुटुंबाची स्थिती, असे निकष सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर खटल्यात घालून दिले. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाचे मतही मागवता येते. आणि निर्णय त्याच राज्याचा, जेथे खटला चालला. बिल्किस बानो प्रकरणात खटला महाराष्ट्रात चालला असूनही गुजरातने दिलेली सुटका ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द झाली ती ह्याच कारणाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी एक मोठी गोष्ट केली : राज्याचे माफीचे धोरण असेल तर त्यात बसणाऱ्या बंद्याने अर्ज केला नसला तरी शासनाने त्याचा विचार करावा. ज्याच्यासाठी बाहेर धावपळ करणारे कोणी नाही, त्याला ह्याचा आधार आहे.

राज्यघटनेने राष्ट्रपतींना व राज्यपालांना दिलेला दयेचा अधिकार ह्या १४ वर्षांनी बांधलेला नाही. धन्यवादित सिस्टर राणी मारिया ह्यांचा खून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात, भूमिहीन आदिवासींसाठी काम करताना झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांच्या सख्ख्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात गेल्या आणि त्याच्या हाताला राखी बांधून आल्या. पुढे आईनेही त्याला क्षमा केली. कुटुंबाने व ख्रिस्तसभेने त्याच्या सुटकेसाठी शासनाकडे विनंती केली आणि २००६ साली, म्हणजे १४ वर्षे पुरी होण्याआधीच, तो बाहेर आला. पुढे तो केरळमध्ये त्यांच्या घरी जाऊन आईला भेटला.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. त्याआधी ज्युबिलीच्या घोषणापत्रात त्यांनी सरकारांना शिक्षेत सूट देण्याचे व बंद्यांना समाजात परत घेण्याचे मार्ग शोधण्याचे आवाहन केले होते. भारतातील ख्रिस्तसभा ऑगस्टचा दुसरा रविवार तुरुंगसेवेसाठी राखून ठेवते. त्या रविवारी ज्यांना ह्या कामात काही करावेसे वाटेल त्यांनी आपल्या धर्मगुरूंना भेटावे. आपल्या धर्मग्रामातील कोणा बंद्याचा अर्ज जामीनदाराअभावी पडून आहे का, हे त्याच्या घरच्यांना विचारून घ्यावे. विचारताना चर्चच्या पायऱ्यांवर नको, त्यांच्या घरी जाऊन विचारावे.